जीप उंच करण्यापूर्वी

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी माझा पुतण्या घरी आला तो हातात एक कागद घेऊनच. कागद होता एका गॅरेजने दिलेल्या खर्चाच्या अंदाजाचा. पुतण्याजवळ एक जुनी जीप आहे. चारी चाकांना जोर देता येतो अशी, पुढेमागे पाट्यांवर बसवलेली. तिला काय काय करायचे त्याची ती यादी होती. पाटे बदलून गाडी ३ इंच उंच करणे, २८ इंच व्यासाच्या टायरांऐवजी ३१ इंचांचे टायर चढवणे, पुढे जाड नळ्यांचा लोखंडी गार्ड, त्यामागे विंच, टपावर कॅरियर आणि कॅरियरवर चार मोठे दिवे. खाली रकमेचा आकडा होता. तो मी सांगत नाही.

"काका, जरा नजर घाला," तो म्हणाला. "पावसाळ्याच्या आत करून घ्यायचंय."

आमचे मूळ गाव भोरच्या पलीकडे, वरंधा घाटाच्या अंगाला. डांबरी रस्ता सुटला की शेवटचे तीन किलोमीटर कच्चे, मध्ये एक ओढा. गौरी-गणपतीला सगळे घर तिकडे जाते. गेल्या खेपेला गाडीचे पोट दगडाला घासले, मागे बसलेली माझी वहिनी दचकली, नात रडू लागली. तेव्हापासून पुतण्याच्या डोक्यात हे उंचीचे वेड शिरलेले.

मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात मुलांना मोटारीचे यंत्रशास्त्र शिकवले. पुतण्याला नाही म्हणणे सोपे होते. पण नाही म्हटल्याने कोणाची हौस जात नाही. ती फक्त दुसऱ्या गॅरेजात जाते. म्हणून मी म्हटले, "बस. चहा घे. आपण याचा जमाखर्च मांडू." त्या सकाळी आम्ही जो जमाखर्च मांडला तोच आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्याजवळ जीप नसेल, पण जीप बाळगणारा भाऊ, जावई, शेजारी कोणीतरी असेलच.

आधी एक गोष्ट मनात पक्की धरली पाहिजे. कारखान्यातून गाडी बाहेर पडते ती एक तडजोड असते. मूळ जीपच पाहा. ती १९४०-४१ साली अमेरिकन लष्करासाठी आखली गेली. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ८० इंच. डाव्या आणि उजव्या चाकांतले सुमारे ४९ इंच. आखूड, अरुंद आणि हलकी, कारण तिला आडवाटेने जायचे होते आणि रुतली तर चार शिपायांनी हात लावून काढायची होती. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, हीच गाडी मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली आणि आपल्याकडे शेतावर, जंगलखात्यात, पोलिसांत सगळीकडे दिसू लागली. तिचा अरुंदपणा हा तिचा गुण, आणि वळणावर तोच तिचा दोष. एकाच गोष्टीची ही दोन तोंडे. आखणाऱ्याने दोन्ही तोंडे पाहून मधला कुठलातरी आकडा धरलेला असतो. आपण तो आकडा एका बाजूला सरकवला, की दुसरी बाजू काहीतरी गमावते. बदल करू नये असे मी म्हणत नाही. काय मिळते आणि काय जाते, हे दोन्ही माहीत असावे, एवढेच म्हणतो.

आता उंची घेऊ. उंचीने काय मिळते? दगडावर चढताना पुढचा भाग आधी टेकत नाही, उतरताना मागचा भाग घासत नाही, आणि बांध ओलांडताना पोट अडकत नाही. हा लाभ खरा आहे. पण येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाट्यांनी गाडी उंच केली तर उंच होते ती चासी आणि वरचा डबा. चाके जोडणारा अॅक्सल होता तेथेच राहतो. अॅक्सलच्या मधोमध डिफरेन्शियलचा जो लोखंडी फुगवटा असतो, तो या जातीच्या गाडीत सर्वांत खाली असतो आणि रस्त्यातला दगड बहुधा त्यालाच लागतो. पाटे कितीही वाढवा, तो तसूभर वर जात नाही. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्याने. आणि ३ इंच मोठा टायर घेतला तरी तो निम्माच, म्हणजे दीड इंच वर जातो, कारण टायरची अर्धी वाढ अॅक्सलच्या खाली असते आणि अर्धी वर.

मी पुतण्याला विचारले, "तुझी गाडी घासली ती नेमकी कुठे?" त्याला सांगता येईना. "ते आधी खाली वाकून पाहायला हवं," मी म्हटले, आणि पुढे गेलो.

उंचीने जाते काय, तर तोल. यासाठी शास्त्राचे पुस्तक उघडायला नको. कडब्याने भरलेली बैलगाडी आपण पाहिली असेल. वजनाने ती हलकी. पण एक चाक चाकोरीत गेले की कलंडते. तीच गाडी ज्वारीच्या पोत्यांनी भरली तर वजन दुप्पट असेल, तरी ती डुलत डुलत निघून जाते. कारण पोत्यांचे वजन खाली असते आणि कडब्याचे वर. गाडीचे सगळे वजन ज्या बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. तो जितका खाली आणि चाके जितकी लांब लांब, तितकी गाडी पायावर घट्ट.

याचे माप काढणे अगदी सोपे आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचे निम्मे घ्यायचे आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. समजा, एखाद्या गाडीच्या चाकांतले अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. तर ७० भागिले ७० म्हणजे १. हा झाला तिच्या स्थिरतेचा आकडा. अमेरिकेतली सरकारी रस्ता-सुरक्षा संस्था २००१ सालच्या गाड्यांपासून, उलटण्याचा धोका मोजायला हेच माप वापरू लागली. साध्या बसक्या मोटारीचा आकडा बहुधा १.३ ते १.५ भरतो, उंच गाड्यांचा १ ते १.३. म्हणजे आपली जीप मुळातच काठावर उभी.

आता त्या कागदावरची यादी या गाडीला लावू. पाट्यांनी डबा ३ इंच, म्हणजे साडेसात सेंटिमीटर वर गेला. पण अॅक्सल आणि चाके खालीच राहिली, म्हणून गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर वर गेला असे धरू. मोठ्या टायरांनी आणखी ४. म्हणजे उंची झाली ८०. सत्तर भागिले ऐंशी, ०.८७५. गाडीचे वजन १,५०० किलो धरू. टपावर कॅरियर, दिवे, सामान आणि एक जादा चाक मिळून ८० किलो ठेवले, जमिनीपासून २ मीटरवर. गुरुत्वमध्य आता ८६ सेंटिमीटरवर जातो आणि आकडा येतो ०.८१.

एकाचे ०.८१ झाले, त्याने असे काय बिघडले, असे आपण म्हणाल. बिघडते ते असे. आडव्या उतारावर, मूळ गाडी कागदावर ४५ अंशांपर्यंत उभी राहते. ही नवी ३९ अंशांवरच कलंडते. प्रत्यक्षात दोन्ही त्याच्या पुष्कळ आधी जातात, कारण पाटे एका बाजूला दबतात, वरच्या अंगाचे चाक दगडावर चढते, खालच्या अंगाचे खड्ड्यात उतरते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट डांबरी वळणावर घडते. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड साधारणपणे गाडीच्या वजनाच्या सात ते नऊ दशांशाइतकी असते. म्हणजे आडवा जोर ०.७ ते ०.९ च्या पुढे गेला की टायर सरकू लागतो. ज्या गाडीचा आकडा १ किंवा त्याहून मोठा, ती सपाट डांबरावर बहुधा आधी सरकते. टायर किंचाळतो, चालकाला भान येते, तो वेग उतरवतो. ज्या गाडीचा आकडा ०.८१, तिचा टायर सरकायच्या आतच आतल्या अंगाची चाके जमीन सोडू शकतात. सरकणारी गाडी आधी सूचना देते. उलटणारी देत नाही. या दोन आकड्यांतला फरक तो हा. आणि हे डोंगरात नव्हे, तर एखादे कुत्रे आडवे आले म्हणून हमरस्त्यावर झटकन चक्र फिरवले, तरी घडते.

पुतण्या हुशार. तो लगेच म्हणाला, "मग चाकं थोडी बाहेर काढू. स्पेसर घालून अंतर वाढवू."

हिशोब बरोबर होता. अंतर वाढले की आकडा सुधारतो. पण चाक बाहेर काढले, की गाडीचे वजन बेअरिंगपासून दूरवर पडते. हात लांब करून बादली धरावी तसे. बेअरिंग लवकर झिजते, चाकाच्या बोल्टांवर ताण येतो, आणि प्रत्येक खड्डा स्टेअरिंगमधून हाताला झटका देतो. म्हणजे एक खर्च भरून काढायला दुसरा खर्च आला. गाडीच्या फेरफारांत हे नेहमी असेच चालते: पहिला बदल दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला.

उंची वाढवल्यावर आणखी काय काय बोलावले जाते ते पाहा. गिअरपेटीतून अॅक्सलकडे जाणारा शाफ्ट जास्त तिरका होतो, त्याच्या क्रॉसवर ताण येतो. ब्रेकच्या रबरी नळ्या आखूड पडतात. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले की त्या ताणल्या जातात, आणि ब्रेकची नळी तुटणे म्हणजे काय हे सांगायला नको. पुढच्या अॅक्सलचा कल बदलला तर स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, वेगात गाडी भरकटते. कधी कधी पुढची चाके अशी थरथरतात की चक्र हातात राहत नाही. पुढच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नव्या गाड्यांमध्ये घसरण सावरणारी विजेची यंत्रणा असते. तिचे गणित मूळ उंचीवर आणि मूळ टायरवर बेतलेले असते. हे सगळे दुरुस्त करता येते, नाही असे नाही. पण त्या कागदावर यांतली एकही बाब नव्हती. होता तो फक्त पाट्यांचा खर्च.

आता टायर. मोठ्या टायरने अॅक्सल वर जातो, चिखलात जमिनीवर मोठा पाय पडतो; हे जमेला. खर्चाला काय? २८ चे ३१ केले, म्हणजे चाकाची प्रत्येक फेरी सुमारे ११ टक्के लांब झाली. वेगाचा काटा फेऱ्या मोजतो, रस्ता नव्हे. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६६ ने धावत असेल. वेग दहा टक्क्यांनी वाढला की थांबवायची शक्ती वीस टक्क्यांहून अधिक वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आणि त्याच वेळी ब्रेकची पकड कमी पडते. डिस्क किंवा ड्रम जुनाच, पण रस्ता मध्यापासून दूर गेला. पायाच्या तेवढ्याच दाबाला रस्त्यावर दहा टक्के कमी जोर लागतो. घाट उतरताना आपण खालच्या गियरमध्ये इंजिनावर गाडी धरतो. तो आधारही तेवढाच सैल होतो, मग पाय ब्रेकवर जास्त वेळ राहतो, ब्रेक तापतात. वरंध्यासारख्या घाटात भरल्या गाडीने उतरताना हा हिशोब कागदावरचा राहत नाही.

टायरचा विषय निघाला म्हणून हवेच्या दाबाची एक खरी हकिकत सांगतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर नावाची उंच गाडी फार खपली. तिच्या पुष्कळ गाड्यांना फायरस्टोनचे टायर होते. उन्हाळ्यात, भर वेगात, काही टायरांचा वरचा थरच सुटून येऊ लागला. चालक गडबडून जाई आणि उंच गाडी उलटे. दोनशेहून अधिक माणसे गेली. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. टायर सदोष होते, याबद्दल वाद राहिला नाही. पण दोन कंपन्यांच्या भांडणात एक आकडा वर आला. त्या गाडीसाठी फोर्डने टायरचा दाब सांगितला होता २६ पौंड. फायरस्टोनचे म्हणणे, तो ३० हवा होता. चार पौंडांचा फरक. कमी दाबाने गाडी मऊ चालते. पण टायरची कूस सारखी दुमडते, तापते, आणि सदोष टायरला ती उष्णता सोसत नाही. एका बाजूची सोय दुसऱ्या बाजूला धोका होऊन बसली. या प्रकरणानंतर अमेरिकेत कायदा झाला आणि हवा उतरल्याची सूचना देणारे यंत्र नव्या गाड्यांना सक्तीचे झाले.

आपल्याला यातून घ्यायचे ते असे. चिखलात, वाळूत, गोट्यांवर टायरची हवा उतरवणे ही उत्तम युक्ती आहे. ३० पौंडांचे १८-२० केले की टायर पसरतो, दगडाला धरतो, आणि गाडी उंच न करताही पुष्कळ ठिकाणी निघून जाते. हा सर्वांत स्वस्त बदल, आणि संध्याकाळी परत घेता येणारा. अट एकच: डांबर लागले की थांबायचे आणि हवा पुन्हा भरायची. म्हणून जवळ दाब मोजायचे घड्याळ आणि हवेचा पंप पाहिजे. पुढच्या गावात भरू, म्हणून तसेच दामटायचे नाही.

यादीतली पुढची बाब, लोखंडी गार्ड. आपल्या गाडीचे रक्षण होते म्हणून लोक तो लावतात. झाडाझुडपाला टेकले तर दिवे वाचतात, हे खरे. पण गाडीचा पुढचा भाग चेपला जावा असाच आखलेला असतो. तो चेपताना धक्का खातो, म्हणजे आतल्या माणसाला कमी बसतो. आडवा लोखंडी सांगाडा सरळ चासीला जोडला, की धक्का न चेपता थेट आत येतो. नव्या गाड्यांत हवेच्या पिशव्या केव्हा फुगायच्या हे पुढच्या धक्क्यावरून ठरते. मध्ये गार्ड आला की तो हिशोबही चुकू शकतो. आणि रस्त्याने चालणाऱ्या माणसाला गाडीचा पत्रा लागणे वेगळे आणि जाड नळी लागणे वेगळे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने अशा गार्डांवर कारवाई करण्याविषयी राज्यांना लिहिले, ते यासाठीच. आणखी एक उदाहरण देतो. महिंद्रची नवी थार २०२० मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत तिला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी चार-चार तारे मिळाले. ते तारे मिळाले कारखान्यातून आली तशा गाडीला. बंपर, पाटे, आसने बदलल्यावर ते तारे आपल्या गाडीला लागू राहतात की नाही, हे कोणी तपासलेले नसते.

कोणी म्हणेल, उलटण्याचे एवढे भय, तर आत नळ्यांचा पिंजरा बसवू. कापडी टपाच्या गाडीला चांगला पिंजरा खरोखर जीव वाचवतो. पण त्याचे पाय चासीला धरलेले हवेत. नुसत्या पत्र्यावर जोडले तर गाडी उलटताना ते पत्रा फोडून खाली जातात. शर्यतीतला चालक पिंजऱ्यात बसतो तो शिरस्त्राण घालून आणि पट्ट्याने जखडून. आपण घरची माणसे उघड्या डोक्याने बसवतो. नळी डोक्याच्या जवळ असेल, तिच्यावर जाड गादी नसेल आणि कमरेला पट्टा नसेल, तर वाचवणारी नळीच साध्या धक्क्यात कपाळमोक्ष करते. तेव्हा आधी पट्टा, मग पिंजरा.

विंचबद्दल बोलताना मात्र मला माझीच चूक सांगितली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात, भाताच्या खाचराजवळ एका मित्राची जीप रुतली. मी माझी गाडी पुढे लावली, आणि तारेचा दोर त्याच्या गाडीमागे ट्रेलरसाठी जो गोल हूक असतो त्याला अडकवला. हाताशी होता म्हणून. दोन हिसके दिले. तिसऱ्याला तो गोळा बुडातून तुटला आणि बंदुकीतून सुटावा तसा येऊन माझ्या गाडीचा मागचा पत्रा भेदून आसनात शिरला. त्या आसनावर माझा एक विद्यार्थी बसलेला होता. दोर सोडवायला म्हणून तो मिनिटभरापूर्वीच खाली उतरला होता. मी शिकवणारा माणूस. ताणलेल्या तारेत किती शक्ती साठते हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! तेव्हापासून हे प्रसंग मी वर्गात न चुकता सांगत असे. ट्रेलरचा गोळा ओढण्यासाठी नसतो. तो फक्त ट्रेलर धरायला असतो. दोर लावायचा तो चासीला बोल्टांनी पक्क्या केलेल्या हुकालाच. तार ताणलेली असताना तिच्या मध्यावर जाड गोणपाट किंवा घोंगडी टाकायची, माणसे तारेच्या लांबीहून दूर उभी करायची, आणि ताणलेली तार कधीही ओलांडायची नाही. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो, तुटला तर तारेएवढा झेपावत नाही. पण दगडावर घासून आणि उन्हाने तो लवकर कुजतो. तिथेही जमाखर्च आहेच.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणी-पुस्तकातले तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. काही मोजके अपवाद आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. तेव्हा काम करण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे. गॅरेजवाला "सगळेच करतात" म्हणतो, पण अपघातानंतर कागदावर नाव आपले असते, त्याचे नव्हे.

इतके झाल्यावर चहा थंड झाला होता. मी पुतण्याला म्हटले, "आता यादी बाजूला ठेव. गेल्या वर्षी ही गाडी कुठे कुठे गेली ते सांग." त्याने मोजले. वर्षातले जेमतेम आठ-दहा दिवस कच्चा रस्ता. बाकी सगळे दिवस पुणे-भोर रस्ता, शाळा, बाजार आणि हमरस्ता. म्हणजे आठ-दहा दिवसांच्या सोयीसाठी उरलेल्या साडेतीनशे दिवसांचा तोल तो देऊन टाकणार होता. मग आम्ही दोघे गाडीखाली शिरलो. घासल्याची खूण होती मागच्या अंगाला. मागचे पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसले होते. कारखान्याच्या मापापेक्षा गाडी मागून सव्वादोन इंच खाली आली होती. म्हणजे प्रश्न गाडी उंच करण्याचा नव्हताच. तिची गेलेली उंची परत देण्याचा होता.

त्याने पाटे मूळ मापाचे नवे टाकले, शॉकअप बदलले. टायर मूळ व्यासाचेच, पण जरा खडबडीत नक्षीचे घेतले; ते आवाज करतात आणि ओल्या डांबरावर थांबायला थोडे जास्त अंतर घेतात, हे त्याला माहीत आहे आणि तो तसा बेताने चालवतो. पुढे-मागे चासीला पक्के हूक लावले. मागच्या आसनांना पट्टे बसवले. कॅरियर काढून टाकला. जड सामान आता आत, खाली, बांधून जाते. दाबाचे घड्याळ आणि पंप घेतला. गार्ड, विंच, दिवे यांवर काट मारली. खर्च झाला तो मूळ अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी.

एक गोष्ट मात्र त्याला मिळाली नाही, आणि ती लपवणे बरे नाही. भर पावसात ओढा ओलांडता येईल अशी गाडी त्याला हवी होती. ती त्याच्याजवळ आजही नाही. पण उंच गाडीनेही ती मिळाली नसती. वाहते पाणी फूटभर झाले की लहान मोटार हलवते, आणि दोन फुटांचे पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. उंच गाडी पाण्याला भीत नाही असे वाटते ते चालकाला. पाण्याला तसे काही वाटत नाही.

गेल्या गौरींना आम्ही गेलो तेव्हा ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होते. पुतण्याने गाडी अलीकडेच, वडाखाली उभी केली. सकाळचे दहा वाजले होते. पाणी उतरायची आम्ही वाट पाहिली. दोन तासांनी घोट्यावर आले, तेव्हा नातीला त्याने खांद्यावर घेतले, वहिनींचा हात मी धरला आणि दगडादगडांवरून पलीकडे गेलो. वहिनी पलीकडे पोचल्यावर म्हणाल्या, "गाडीला एवढा खर्च केलास आणि शेवटी चालवलंसच की रे मला!"

पुतण्या हसला आणि म्हणाला, "चालवलं आई, पण आणलं तर खरं."

आपल्या गाडीला काही करावेसे वाटले तर जरूर करा. फक्त करण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखा. एकात काय मिळते ते लिहा, दुसऱ्यात काय जाते ते. आणि त्या गाडीत मागच्या आसनावर कोण बसणार आहे, त्याचे नाव कागदाच्या अगदी वरती लिहा. म्हणजे बेरीज चुकायची नाही.